एका नगाचं कोटेशन

बोर्डाची किंमत सांगायला तो बोर्ड पुढे काय करणार आहे हे माहीत असावं लागत नाही. लांबी-रुंदी किती, थर किती, भोकं किती आणि केवढी बारीक, वर सोन्याचा मुलामा हवा की साधं कथील चालेल, आणि कधी पाहिजे. एवढं कळलं की मी दर सांगते. साउथहॅम्प्टनच्या बाहेर, गाड्या दुरुस्त करणाऱ्या शेड्सच्या रांगेत आमचा लहानसा कारखाना आहे, आणि तिथे कोटेशनच्या टेबलावर मी बसते. आई पुण्याहून फोनवर विचारते, नक्की बनवता तरी काय गं तुम्ही? मी सांगते, हिरवी पाटी असते, तिच्यावर तांब्याच्या रेघा असतात, प्रत्येक यंत्राच्या पोटात एक तरी असतेच. ती म्हणते, कुठल्या यंत्राच्या? ते मलाच माहीत नसतं. गिऱ्हाईक ते सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही, ही आमच्या धंद्यातली रीत आहे.

सुरुवातीला मला त्याचं काही वाटायचं नाही. पुढे वाटायला लागलं. एखादी फाइल उघडावी तर समोर चंद्रकोरीसारखा आकार, मधे मोठं गोल भोक, कडेनं केसाएवढ्या रेघा. हे कशाच्या तरी भोवती बसणार हे नक्की. पण कशाच्या? मी भोकं मोजायचे, दर लावायचे, फाइल बंद करायचे, आणि घरी भाजी चिरताना तो आकार पुन्हा डोळ्यांपुढे यायचा. नवरा म्हणायचा, तुला नसत्या चौकशा. तो बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्याला कशाचंच काही वाटत नाही.

त्यातून कारखान्याची जागाही तशीच. बोर्डावर नक्षी उमटवतात ती खोली कायम पिवळी असते, कारण साध्या उजेडात त्यांची फिल्म खराब होते. आत गेलं की पांढरं आणि पिवळं एकच दिसतं, निळं काळं दिसतं, आणि रोज शेजारी बसून डबा खाणारी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. पलीकडे टेस्टची खोली. तिथे मशीनच्या सुया बोर्डावर टकटक करत प्रत्येक रेघ तपासतात. माणूस बोर्ड लावून निघून जातो, सुया आपल्या चालूच. संध्याकाळी जिन्यावरून उतरताना त्या रिकाम्या खोलीतली टकटक ऐकू आली की मी उगाच पावलं उचलायचे. भित्री आहे म्हणा हवं तर.

आता किमतीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बोर्ड सुटा बनत नाही. मोठी पाटी असते, तिला आम्ही पॅनल म्हणतो, आणि लाटलेल्या पोळीतून शंकरपाळे कापावेत तसे त्यातून बोर्ड कापतात. खर्च होतो तो पॅनलला. त्यातून एक बोर्ड काढा नाहीतर पॅनल भरून काढा, धुणं, भाजणं, ड्रिल, सगळं तेवढंच. म्हणून एका बोर्डाची किंमत आणि डझनाची किंमत जवळजवळ सारखी येते. हे लोकांना पटता पटत नाही. फोनवर भांडतात. एकाला एवढे, मग डझनाला किती? मी म्हणते, जवळजवळ एवढेच. त्यांना वाटतं बाई लुटायला बसली आहे.

एकदा एक मेल आली. एकच नग हवा, टपाल तिकिटाएवढा, ड्रॉइंग नाही, मूळ फाइल नाही. नुसते दोन फोटो, पुढून आणि मागून. अशी कामं मला आवडत नाहीत. मी चांगला चढा दर लावला आणि वर लिहिलं की एकाच्या किमतीत अख्ख्या पॅनलचे बोर्ड मिळतील. पाच मिनिटांत फोन आला. म्हातारा आवाज, शुद्ध इंग्रजी. मी नाव सांगितलं तसं वाक्य अर्धवट सोडून म्हणाले, "मराठी का? अरे वा." दर मान्य, म्हणाले. हा माणूस भाव करणार नाही हे मला तिथेच कळलं, आणि जो भाव करत नाही त्याची मला धास्ती वाटते.

ते इथल्याच मोठ्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले डॉक्टर निघाले. दुसऱ्या फोनपासून मी त्यांना काका म्हणायला लागले आणि ते मला अगं-तुगं. आणि धंद्याची रीत मोडून त्यांनी आपणहून सांगितलं की बोर्ड कशाचा आहे. काकूंची नजर तरुणपणापासून कमी होत होत पूर्ण गेली होती. मग काही वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक बारीक जाळी बसवली. चष्म्यात कॅमेरा, कमरेला डबी, डबीतून जाळीला खुणा जातात आणि काकूंना ठिपके दिसतात. राखाडी, पांढरे. चेहरा कळत नाही. पण दार कुठे, खिडकी कुठे, माणूस उभा आहे की बसला आहे, एवढं कळतं. ज्यांनी हे बनवलं ती कंपनी बंद पडली. सुटे भाग नाहीत, दाद मागायला कुणी नाही. आता डबीतल्या एका बोर्डाला तडा गेला होता आणि ठिपके विझत चालले होते. "तो बोर्ड गेला की तिचं दिसणं गेलं," काका म्हणाले. "जगात दुसरा मिळत नाही. म्हणून तुमच्याकडे आलो." मला माझ्या चढ्या दराची लाज वाटली. पण दर गेला होता, तो आता मॅनेजरच्या हातात.

नवा बोर्ड त्यांच्याकडे पोचला, बसला. काकांचे एक जुने मित्र हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करायचे, आता एडिनबराला असतात, त्यांनी मुद्दाम येऊन तो कथलाचा डाख देऊन बसवला. ठिपके पुन्हा उजळले. काकांनी मला फोन करून आशीर्वाद दिला, आणि मी दिवसभर जरा तोऱ्यातच होते. पंधरवडा गेला नाही तोच पुन्हा फोन. आवाज बदललेला. म्हणाले, चालतंय सगळं, पण तू एकदा घरी येऊन जाशील का? चहाला ये.

शनिवारी दुपारी बसनं गेले. डिसेंबर होता, तीन वाजता दिवस मावळायला लागला होता. काका दार उघडून मला आत घेऊन गेले. काकू हॉलमध्ये सोफ्यावर बसल्या होत्या, नेसूची साडी, वर जाड कार्डिगन, डोळ्यांवर तो काळा चष्मा. मी दारातूनच म्हटलं, नमस्कार काकू. आवाजाच्या रोखानं त्यांनी मान थोडी वळवली, थांबल्या, आणि मग सावकाश उलट्या दिशेला फिरवली. माझ्यापासून लांब, भिंतीकडे. आणि भिंतीकडे बघून छान हसल्या. "ये गं," म्हणाल्या, "बस ना." भिंतीपाशी एक रिकामी खुर्ची होती. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, काकूंना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आवाज न करता.

काका चहा ठेवायला गेले तशी काकूंनी आवाज उतरवला. "एक विचारू? घरात अजून कुणी आहे का गं?"

मी म्हटलं, नाही, आपण तिघंच.

"हे इकडून बोलतात," त्यांनी उजवा हात उचलला, "आणि तिकडे कुणीतरी बसलेलं असतं. नीट बघावं म्हणून वळले की सरकतं. मी जेवढी वळेन तेवढं लांब जातं. आणि हे उठून गेले ना, तरी बसून असतं." मग म्हणाल्या, ह्यांना बोलू नकोस, ह्यांना वाटेल माझं डोकं फिरलं. हे सगळं त्या खुर्चीकडे बघत. मी कपांचं निमित्त करून उठले.

किचनमध्ये कप घ्यायला गेले तर काका किटलीपुढे नुसतेच उभे. ती हवेशी बोलते, म्हणाले. मी पाणी दिलं तर भलतीकडे हात करते. काल कुणाला तरी, या, जेवायला बसा, म्हणाली. मी म्हटलं, काका, तुम्ही डॉक्टर आहात. तर म्हणाले, "डॉक्टर आहे म्हणूनच झोप लागत नाही. मला एवढंच सांग, हे तुमच्या बोर्डानं होऊ शकतं का? बोर्ड असेल तर देवाची कृपा. बोर्ड नसेल तर..." आजवर गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात ती बोर्ड चांगला निघावा म्हणून. हा माणूस बोर्ड वाईट निघावा म्हणून आशेनं बघत होता.

मी खरं तेच सांगितलं. आमच्याकडे टेस्ट झाली आहे, प्रत्येक रेघ जोडलेली आहे, बोर्ड पास आहे. काकांचा चेहरा उतरला.

निघायच्या वेळी काकू म्हणाल्या, कुंकू लावल्याशिवाय जायचं नाही. करंडा त्यांना चाचपून बरोबर सापडला. मी त्यांच्या उजव्या हाताला, खिडकीच्या बाजूला उभी राहिले आणि वाकले, गप्पच, आपण वाकतो तशी. त्यांनी बोट बुडवलं आणि हात पुढे केला. भिंतीकडे. कपाळ असावं त्या उंचीवर बोट हवेत थांबलं, जरासं दाबलं गेलं. आधी हळद, मग कुंकू. हात अजिबात थरथरला नाही. बाकीचं कुंकू खाली कार्पेटवर सांडलं. मी खरंच कपाळाला हात लावून बघितला, कोरडं होतं. आणि त्या हवेत, त्या रिकाम्या जागी, मला क्षणभर वाटलं की मी तिथे उभी आहे आणि ही इथली मी नाहीच. असं भय मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ओरडले नाही एवढंच.

पण भीतीतही धंदा सुटत नाही. ती जागा काकूंच्या नाकापासून जेवढी त्या अंगाला होती, तेवढीच मी या अंगाला होते. मी मुद्दाम एक पाऊल अजून खिडकीकडे सरकले. करंडा मिटता मिटता त्यांचा चेहरा तेवढाच भिंतीकडे सरकला. मी परत आले. चेहराही परत आला. आणि मला फाडकन कळलं. बसस्टॉपकडे मी जवळजवळ पळतच गेले.

सोमवारी कोट घालूनच कॉम्प्युटर उघडला. सांगते, सोपं आहे. बोर्ड दोन बाजूंनी असतो, पण आमच्याकडे दोन्ही बाजू वरूनच बघायची पद्धत आहे, जणू पाटी काचेची आहे आणि मागची नक्षी आरपार दिसते आहे. म्हणून मागचा फोटो आला की आमचा इंजिनिअर तो आधी पालटतो, उजवीकडचं डावीकडे करतो. डोळे मिटून करतो, विचारायचं काही नसतंच. या बोर्डाच्या सगळ्या रेघा मागच्या बाजूला. भोकांच्या दोन रांगा, दोन्हीकडे सारख्या, त्यामुळे तो पालथ्या नक्षीचा असला तरी मुकाट बसला. आणि टेस्ट पास झाली, कारण टेस्ट त्याच फाइलवरून बनते. फाइल उलटी तर परीक्षाही उलटी. एकदा पालटला तर नक्षी बरोबर, दोनदा पालटला तर पुन्हा उलटी. पण फोटो आमच्या माणसानं एकदाच पालटला होता. मग दुसऱ्यांदा कोणी?

मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, हो, मी आधी इंटरनेटवर वाचलं की मागची बाजू तुम्हाला पालटून लागते. म्हटलं तुमचं तेवढं काम वाचेल. मीच पालटून पाठवला फोटो.

रागवावं असं कुणी नव्हतं, त्याचाच मला राग आला. मी म्हटलं, काका, काकूंचं डोकं ठणठणीत आहे. बोर्डाच्या रेघा उलट्या झाल्यात, म्हणून त्यांना आरशातलं जग दिसतंय. उजवीकडचं डावीकडे. त्या बघायला वळतात तेव्हा माणूस मधे यायच्या ऐवजी कडेला जातो, म्हणून पळाल्यासारखा वाटतो. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मीही रडले थोडी, टेबलावर, कोटेशनांच्या गठ्ठ्यापुढे.

मॅनेजरनं मात्र नियम काढला. आमचा मॅनेजर साठीचा गोरा, तसा भला आहे, पण म्हणाला, फोटो चुकीचा गिऱ्हाइकानं दिला, नवा बोर्ड म्हणजे नवं पॅनल, पुन्हा पूर्ण दर. मी भडकलेच. पण भडकून पॅनल फुकट होत नाही. मग मी त्या आठवड्याची सगळी कामं धुंडाळली. बोटी बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या पॅनलला कडेनं पट्टी उरत होती, जी कापून फेकली जाते आणि जिचे पैसे त्यानं आधीच दिलेले असतात. जाडी तीच, तांबं तेवढंच. तिकीटभर जागा तिथे होती. मॅनेजरनं चहाचा घोट घेतला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला की कडेला काय असतं ते त्याला कधी नीट दिसत नाही. अशा रीतीनं बरोबर नक्षीचा बोर्ड तयार झाला आणि मी तो पाकिटात घालून पुन्हा शनिवारी निघाले.

या वेळी काका हसतमुख असतील असं मला वाटलं होतं. नव्हते. एडिनबराच्या मित्राशी बोलणं झालं होतं. मित्र म्हणाले होते, येतो, पण मागच्या वेळी त्या डबीतल्या वायरी कशाबशा धरल्या होत्या. पुन्हा उघडली आणि त्यातली एक तुटली तर जोडायला काही उरलेलं नाही. मग अंधार, आणि कायमचा. काका तरी उघडायचं म्हणत होते. एवढी बरोबर गोष्ट हातात असताना चुकीची का ठेवायची, त्यांना ते सहनच होत नव्हतं. त्यांनी पाकीट दोनदा उघडून बोर्ड उजेडात धरून बघितला.

काकू ऐकत होत्या, भिंतीकडे तोंड करून. मी त्यांना म्हटलं, काकू, आता कळलं ना, तिकडे कुणी नाही. दिसतात ते काकाच. आणि काका उठल्यावरही जो बसून राहतो, तो खिडकीकडच्या कोपऱ्यातला उभा दिवा असणार.

"असेल," काकू म्हणाल्या. "पण दिवा मधेच उठून उभा राहत नाही." काकांनी आणि मी एकदमच त्या कोपऱ्याकडे बघितलं. दिवा बंद होता.

मग काका म्हणाले की म्हणूनच, म्हणूनच उघडू या, हा सगळा घोळ एकदाचा संपेल, तुला सगळं बरोबर दिसेल.

काकूंनी कमरेच्या डबीवर हात ठेवला, दोन्ही हात. "अहो, मला तुम्ही दिसायला हवे आहात. बरोबर दिसायला हवेत असं मी कधी म्हटलं?" त्यांचा आवाज चिडलेला होता. म्हणाल्या, तुम्ही घाबरलात ते माझं डोकं जाईल म्हणून, मी घाबरले ते हे पुन्हा विझेल म्हणून. जे आहे ते मी कुणाच्या हातात देणार नाही. उलट तर उलट, मी मान उलटी वळवायला शिकेन, नाहीतरी मला दुसरं काय काम आहे.

काका वादच घालणार होते. मी इंजिनिअर नाही, डॉक्टर नाही, मी फक्त दर सांगणारी बाई. पण एवढं मला कळत होतं, आणि मी ते बोलून गेले. आरशात डावं-उजवं बदलतं, काका, मधलं बदलत नाही. मधे असेल ते मधेच राहतं.

काकांना क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं. आयुष्यभर ते सोफ्यावर काकूंच्या बाजूला बसत आले होते, दोघांची तोंडं टीव्हीकडे. ते उठले. डायनिंगची एक खुर्ची ओढत आणली, टीव्हीच्या पुढ्यात मांडली, काकूंच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, आणि बसले. काकूंनी सवयीनं मान एका अंगाला न्यायला सुरुवात केली आणि थांबवली. मग सरळ केली. हात उचलला. मी त्या हातावर नजर लावून होते, कारण तोच हात मी हवेत थांबलेला पाहिला होता. हात सरळ गेला आणि काकांच्या गालावर टेकला, पहिल्याच खेपेला.

"दिसतोय?" काकांनी विचारलं.

"दिसताय," काकू म्हणाल्या. "हलू नका."

काका हलले नाहीत. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही, हात उचलला तर हलल्यासारखं होईल म्हणून. मी पाकीट टेबलावर ठेवलं, कोट उचलला आणि आवाज न करता बाहेर पडले. रस्त्यावरून बघितलं तर त्यांच्या खिडकीचा पडदा अजून ओढायचा होता. दोघं समोरासमोर बसलेले होते, आणि काका तसेच ताठ, श्वास घेतात की नाही कळू नये इतके स्थिर.